माइनक्राफ्टमधील ठोकळ्यांचे न सांगितलेले गुण

माइनक्राफ्ट खेळणाऱ्या मुलाला ‘लोकरीचा ठोकळा कशासाठी?’ असे विचारले, तर ‘बिछाना करायला, नाहीतर घर रंगवायला’ हे उत्तर ठरलेले. उत्तर चूक नाही, अपुरे आहे. त्याच लोकरीने पावलांचा आवाज गिळता येतो आणि तिच्यावर वाद्याचा ठोकळा ठेवला तर त्यातून गिटारचा सूर निघतो. खेळ ही गोष्ट कुठेही लिहून ठेवत नाही. ठोकळा पडद्यावर दिसतो, त्याचे नाव दिसते. त्याचा स्वभाव मात्र वापरूनच कळतो.

स्वीडनच्या मार्कस पर्सन यांनी २००९ साली या खेळाची पहिली आवृत्ती लोकांसमोर आणली. नोव्हेंबर २०११ मध्ये तो पूर्ण रूपात आला आणि २०१४ साली मायक्रोसॉफ्टने अडीच अब्ज डॉलर मोजून मोजांग ही मूळ कंपनी विकत घेतली. आरंभीची कित्येक वर्षे कशापासून काय बनते हेसुद्धा खेळाडूंनी एकमेकांना विचारून शिकायचे, अशीच रीत होती. २०१७ साली कृतींची वही, म्हणजे ‘रेसिपी बुक’, खेळातच मिळू लागली आणि ती अडचण सरली. पण वही सांगते ती केवळ कृती. गव्हाच्या नऊ पेंढ्या मांडल्या की गवताचा गठ्ठा तयार होतो, एवढे ती दाखवील. त्या गठ्ठ्यावर पडल्यास जीव वाचतो, हे तिच्यात नाही. सारे पूर्ण ठोकळे मापाने एकसारखे, लांबी-रुंदी-उंचीला एकेक मीटर. फरक आहे तो गुणात, आणि ज्याला गुण कळला त्याला युक्तीसाठी दर वेळी दुसऱ्याचा व्हिडिओ शोधावा लागत नाही.

या गवताच्या गठ्ठ्यापासूनच सुरुवात करू, कारण खेळातली सर्वांत मोठी हानी उंचावरून पडण्याने होते. खेळाडूचा जीव दहा बदामांनी दाखवलेला असतो. तीन ठोकळ्यांपर्यंतची उडी निर्धोक. त्यापुढच्या प्रत्येक ठोकळ्यामागे अर्धा बदाम जातो. म्हणजे अंगावर चिलखत नसेल, तर २३ ठोकळ्यांची उंची प्राणघातक ठरते. खेळाडू पुन्हा जन्म घेतो खरा, पण जवळचे सामान पडल्या जागी विखुरते आणि साधारण पाच मिनिटांत नाहीसे होते. आठवडाभर खणून मिळवलेले हिरे असे गेले की मूल का रडते, हे पालकांना यावरून समजावे. खाणीच्या उभ्या विवराच्या तळाशी गवताचा गठ्ठा ठेवला, तर पडण्याची इजा ८० टक्क्यांनी घटते. त्याच २३ ठोकळ्यांवरून पडल्यावर दहाऐवजी दोनच बदाम जातात. मधाचा ठोकळाही इतकेच संरक्षण देतो. बिछाना निम्मी इजा वाचवतो. हिरव्या चिकट गोळ्यांपासून बनणारा स्लाइम ब्लॉक तर मुळीच इजा होऊ देत नाही, उलट चेंडूसारखे वर उडवतो; मात्र पडताना खेळाडू दबकून असेल तर तो झेलत नाही.

यावर जाणते खेळाडू म्हणतील, की पडता पडता पायाखाली बादलीभर पाणी ओतले की काम भागते. ते खरे, पण नेदर या खेळातल्या पाताळात ओतलेले पाणी क्षणात वाफ होऊन जाते आणि पडण्याची भीती नेमकी तिथेच जास्त. तिथे गवत कामी येते. नेदरमधली आणखी एक सोय फार थोड्यांना ठाऊक असते. जमिनीवर न टिकणारे पाणी लोखंडी हंड्यात, म्हणजे कॉल्ड्रनमध्ये, टिकते. अंगाला आग लागलेला खेळाडू त्या हंड्यात उभा राहिला की आग विझते. तळाजवळ असा एक भरलेला हंडा असू द्यावा.

गवताचा तिसरा उपयोग अगदी शेतकरी वळणाचा आहे. शेकोटी, म्हणजे कॅम्पफायर, नुसत्या जमिनीवर पेटवली तर धूर साधारण दहा ठोकळे उंच जातो. तीच गवताच्या गठ्ठ्यावर ठेवली, तर तो २४ ठोकळ्यांपर्यंत चढतो आणि रानात भरकटलेल्याला घराची दिशा दुरून दिसते. मधमाश्यांच्या पोळ्याखाली शेकोटी असेल, तर मध काढताना माश्या अंगावर येत नाहीत. प्रत्यक्षातही मध काढणारे धूर करतात. इथे खेळाने वास्तवाचा धागा पकडला आहे.

आता लोकरीकडे वळू. २०२२ च्या आवृत्तीत जमिनीखाली खोल ‘डीप डार्क’ नावाचा काळोखा प्रदेश आला आणि त्यात वॉर्डन नावाचा आंधळा राक्षस. त्याला दिसत नाही, पण कंपने कळतात. वाटेत स्कल्क सेन्सर पेरलेले असतात. चालणे, ठोकळा ठेवणे, पेटी उघडणे अशा प्रत्येक हालचालीची ते चाहूल घेतात आणि वारंवार चाहूल लागली की वॉर्डन जमिनीतून वर येतो. त्याच्या थोड्याशा फटक्यांत चांगले चिलखतही पुरे पडत नाही. या प्रदेशात लोकर हे खरे हत्यार होय. लोकरीवरून चालताना कंप उठत नाही. लोकर ठेवताना किंवा काढतानाही उठत नाही. सेन्सर आणि आवाजाची जागा यांच्या मध्ये लोकरीचा ठोकळा आला, तर कंप पलीकडे पोहोचत नाही. दबक्या पावलांनीही आवाज टळतो, पण त्यात वेळ फार जातो. लोकरीच्या पायवाटेवरून धावता येते. एक मर्यादा ध्यानात ठेवावी : वॉर्डन वर आलाच, तर तो वासानेही माग काढतो आणि वासावर लोकरीची मात्रा चालत नाही.

आवाज गिळणाऱ्या या ठोकळ्याचे नोट ब्लॉकशी, म्हणजे सूर काढणाऱ्या ठोकळ्याशी, असलेले नाते गोव्यासारख्या गाण्याच्या प्रदेशात तरी माहीत असायला हवे. नोट ब्लॉक सर्वांनी वाजवून पाहिलेला असतो. पण सूर कोणत्या वाद्याचा निघेल हे त्याच्या खालचा ठोकळा ठरवतो, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. खाली लोकर असेल तर गिटार, चिकणमातीचा ठोकळा असेल तर बासरी, सोन्याचा असेल तर घंटा, हाडांचा असेल तर झायलोफोन, गवताचा गठ्ठा असेल तर बँजो. लाकडावर खर्जातला बास वाजतो. दगडावर आणि वाळूवर सूर नसून ताल आहे : दगडाचा घुमारा मोठ्या ढोलासारखा, वाळूचा कडकडाट स्नेअर ड्रमसारखा. नोट ब्लॉकच्या डोक्यावर दुसरा ठोकळा ठेवू नये, नाहीतर तो मुका होतो.

एका टिचकीने सूर अर्ध्या स्वराने चढतो. काहीच टिचकी न देता मिळणाऱ्या सुरापासून चोविसाव्या टिचकीपर्यंत बरोबर दोन सप्तके भरतात. पंचविसाव्या टिचकीला सूर पुन्हा आरंभी येतो. पेटी वाजवणाऱ्याला हा हिशेब नवा नाही. शून्यावर षड्ज धरला तर शुद्ध रिषभ दुसऱ्या टिचकीवर, गंधार चौथ्या, मध्यम पाचव्या, पंचम सातव्या, धैवत नवव्या, निषाद अकराव्या आणि तार षड्ज बाराव्या टिचकीवर मिळतो. कोमल स्वराला एक टिचकी कमी, तीव्र मध्यमाला एक जास्त. भूपाचा आरोह हवा असेल तर शून्य, दोन, चार, सात, नऊ, बारा असे सहा ठोकळे ओळीने लावले की झाले. चारच्या जागी पाच केले की दुर्गाचे स्वर उभे राहतात. षड्ज शून्याऐवजी पाचव्या टिचकीवर धरणे अधिक सोयीचे, कारण मग मंद्र पंचमापासून तार पंचमापर्यंतचा पल्ला हाती येतो. बऱ्याचशा भजनांना आणि नाट्यपदांच्या मुखड्यांना तेवढा पुरतो. मींड आणि श्रुती मात्र इथे मिळणार नाहीत. स्वर सुटे सुटेच पडणार, आणि ही उणीव कुठल्याही युक्तीने भरून निघत नाही.

लयीसाठी रेडस्टोनचा रिपीटर वापरतात. तो विजेचा संकेत ०.१ ते ०.४ सेकंद थांबवून पुढे देतो. रिपीटर, नोट ब्लॉक, पुन्हा रिपीटर अशी ओळ मांडली की संकेत एकातून दुसऱ्यात सरकत जातो. असे १६ रिपीटर, प्रत्येकी ०.४ सेकंदांवर, वर्तुळात जोडले आणि वळणांवर रेडस्टोनची भुकटी टाकली, तर ६.४ सेकंदांचे तीनतालाचे आवर्तन फिरत राहते. समेच्या ठोकळ्याखाली दगड, इतरांखाली वाळू. खालीच्या जागी, म्हणजे नवव्या मात्रेला, नोट ब्लॉकऐवजी साधा दगड बसवावा. तो संकेत पुढे नेतो, पण वाजत नाही. मात्रा मोजायला शिकणाऱ्या मुलाला हा खेळ उपयोगी पडेल असे मला वाटते.

पाण्याच्या बाबतीत नेदरमधून आणलेली सोल सँड ही वाळू चमत्कार घडवते. जमिनीवर तिच्यात पाय रुततात, म्हणून खेळाडू ती टाळतात. पण २०१८ च्या आवृत्तीपासून पाण्याच्या उभ्या स्तंभाखाली ती ठेवली की बुडबुडे उठतात आणि माणसाला वेगाने वर फेकतात. खाणीतून वर येण्याचा हा सोपा पाळणा. तो बांधताना बहुतेकांची फसगत एकाच जागी होते. वरून बादली ओतली की खालचे पाणी केवळ वाहते असते, आणि बुडबुड्यांसाठी स्तंभातला प्रत्येक ठोकळा उगमाचा असावा लागतो. प्रत्येक पायरीवर बादली ओतत बसण्यापेक्षा तळापासून माथ्यापर्यंत केल्प हे समुद्री शेवाळ लावत जावे. ते ज्या पाण्यात रुजते, ते पाणी उगमाचे होते. मग शेवाळ उपटून टाकावे आणि तळाला सोल सँड बसवावी. उलट खाली ओढून घ्यायचे असेल, तर तळाला मॅग्मा ब्लॉक ठेवावा. तो तप्त असतो, तेव्हा त्यावर दबकून उभे राहावे.

शेतीतही पाण्याचा हिशेब जाणणारा फायद्यात राहतो. पाण्याचा एक ठोकळा चारही बाजूंना, कोपऱ्यांसकट, चार ठोकळ्यांपर्यंतची जमीन ओली ठेवतो. म्हणजे नऊ बाय नऊच्या वाफ्यात मधोमध एकच खड्डा पुरतो आणि ८० घरे पिकाला उरतात. उरलेले बियाणे, पाने, शिळा पाव कंपोस्टरमध्ये टाकावा. बियाण्याने थर चढण्याची शक्यता ३० टक्के, पावाने ८५ टक्के. केक टाकला तर थर हमखास चढतो, पण खतासाठी केक घालवणारा शेतकरी विरळाच.

२०२१ मध्ये आलेला टोकदार ड्रिपस्टोन, म्हणजे गुहेच्या छतावरून लोंबणारा दगडी सुळका, दिसायला शोभेचा. त्याच्या मुळाशी असलेल्या ठोकळ्यावर लाव्हा ठेवावा आणि टोकाखाली रिकामा हंडा. थेंब थेंब पडून हंडा लाव्हाने भरतो आणि वरचा लाव्हा मात्र तेवढाच राहतो. लाव्हाची एक बादली भट्टीत १०० वस्तू शिजवते, म्हणजे कोळशाची चिंता मिटली. त्याच ठोकळ्यावर लाव्हाऐवजी चिखल ठेवला तर तो निथळून त्याची चिकणमाती होते. विटा किंवा वर सांगितलेली बासरी हवी असेल, तर नदीचा तळ खरवडण्याची गरज नाही.

किरकोळ युक्त्या तर पुष्कळ आहेत. खणताना रेतीचा ढीग डोक्यावर कोसळू लागला, तर सर्वांत खालचा ठोकळा फोडून तिथे झटकन मशाल लावावी. वरचे ठोकळे मशालीवर आपटून आपोआप सुटे होतात. गुरांच्या कुंपणाच्या एका खांबावर गालिचा अंथरला, तर माणूस त्यावरून उडी मारून ये-जा करतो आणि गुरे आतच राहतात. केकच्या शेजारी कंपॅरेटर हे उपकरण लावले, तर पूर्ण केकला तो १४ अंकांचा संकेत देतो आणि प्रत्येक घासाला दोनाने उतरतो. मित्रांच्या घरोब्यात केक कोण खाऊन जातो, याचा छडा लावायला ही सोय बरी.

एक खबरदारी मात्र घ्यावी लागते. संगणकावरची जावा आवृत्ती आणि मोबाईलवरची बेडरॉक आवृत्ती हे जुळे भाऊ असले, तरी स्वभावाने एक नाहीत. बेडरॉकमध्ये पिस्टन सामानाची पेटीही ढकलतो, जावामध्ये ढकलत नाही. बेडरॉकच्या हंड्यातले पाणी रंगवता येते, जावामध्ये येत नाही. रेडस्टोनच्या काही जोडण्या फक्त जावातच चालतात, आणि व्हिडिओ पुष्कळदा जावाचे असतात. मोबाईलवर खेळणारे मूल तेच जसेच्या तसे बांधते, यंत्र हलत नाही, आणि दोष आपलाच असे समजून ते सोडून देते. अशा वेळी क्रिएटिव्ह प्रकारात एक सपाट जग उघडून द्यावे. तिथे सारे ठोकळे फुकट असतात आणि मरणाची भीती नसते. नवी युक्ती आधी तिथे करून पाहावी, चालली तरच आपल्या खऱ्या जगात नेऊन बांधावी.