एका रिकाम्या रकान्याची गोष्ट

निवृत्तीनंतर आमच्या वाचनालयाच्या नोंदी संगणकावर चढवण्याचे काम मी अंगावर घेतले. बँकेत तीस वर्षे खतावण्या लिहिलेल्या; त्यामुळे सभासदांचा एक तक्ता, पुस्तकांच्या देवघेवीचा दुसरा आणि दोहोंना जोडणारा सभासद क्रमांक ही मांडणी समजायला जड गेले नाही.

गेल्या पावसाळ्यात कार्यकारिणीने ठरवले की, वर्षभरात ज्यांनी एकही पुस्तक नेले नाही, त्यांची चौकशी करायची आणि गरज असेल तिथे पुस्तके घरपोच द्यायची. यादी काढणे अर्थातच माझ्याकडे. वर्षभराच्या देवघेवीत ज्यांचा क्रमांक नाही असे सभासद दाखव, असे मी संगणकाला विचारले. उत्तर आले : एकही नाही! अध्यक्ष खूश. ‘म्हणजे सगळेच वाचतात. मग योजना हवी कशाला?’

मी मात्र अस्वस्थ. आमच्या चाळीतल्या काकू मांडीचे हाड मोडल्यापासून जिना उतरलेल्या नाहीत. त्यांनी वर्षभरात पुस्तक नेले नाही, हे मला पक्के ठाऊक. मग त्यांचे नाव गेले कुठे?

माझी भाची पुण्यात याच व्यवसायात आहे. तिला फोन केला, ‘अगं, यादी येत नाही.’ ती हसली. ‘मामा, एवढ्यावरून डॉक्टरही औषध देणार नाही. दोन्ही तक्त्यांची रचना, त्यातल्या पाच-सहा ओळी, तुम्ही विचारलेला प्रश्न जसाच्या तसा, काय यायला हवे होते आणि काय आले, एवढे लिहून पाठवा. सभासदांची खरी नावे मात्र नकोत.’

जरा राग आला, पण बसलो. नमुन्याच्या ओळी निवडताना एक नोंद दिसली. पुस्तकाचे नाव होते, तारीख होती, सभासद क्रमांकाचा रकाना मात्र रिकामा. कोणी कार्ड विसरला असेल, आणि काउंटरवरच्याने ‘नंतर लिहू’ म्हटले असेल. ती ओळ नमुन्यातून वगळली, तर उत्तर बरोबर येई; ठेवली, की यादी रिकामी!

भाचीने कोडे उलगडले. ‘तुम्ही रिकामी जागा म्हणजे शून्य समजता. एसक्यूएलमध्ये तिला नल म्हणतात, म्हणजे “माहीत नाही”. तुम्ही विचारता, काकू पुस्तक नेणाऱ्यांत नाहीत ना? संगणक म्हणतो, एक नेणारा अज्ञात आहे. त्या काकूही असू शकतील. उत्तर हो नाही, नाहीही नाही. आणि ठाम “हो” असल्याशिवाय तो नाव देत नाही. म्हणून “नॉट इन” सोडा, “नॉट एग्झिस्ट्स” वापरा. काकूंच्या क्रमांकाची एक तरी नोंद आहे का, एवढेच विचारा.’

या तक्त्यांमागची कल्पना एडगर कॉड या आयबीएममधल्या गणितज्ञाने 1970 साली मांडली. तोपर्यंत माहितीपर्यंत पोहोचायची वाट प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला ठाऊक असावी लागे. कॉडचे म्हणणे असे की, माणसाने काय हवे ते सांगावे, वाट यंत्राने शोधावी. त्याच कंपनीतल्या डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी 1974 मध्ये त्यासाठी भाषा मांडली. तीच पुढे एसक्यूएल झाली. कॉडला 1981 मध्ये ट्युरिंग पुरस्कार मिळाला. वाट शोधण्याचे कष्ट वाचले खरे, पण नेमके विचारण्याची जबाबदारी माणसावरच राहिली. यंत्राला विचारा नाहीतर भाचीला, नियम तोच. प्रश्न नीट मांडता मांडता निम्मे उत्तर आपल्यालाच सापडते.

नव्या यादीत सदतीस नावे आली. कोणाची दृष्टी अधू झालेली, कोणाच्या घरी आजारपण. सभासद क्रमांकाचा रकाना आता सक्तीचा केला आहे. तो भरल्याशिवाय नोंद पुढे सरकत नाही.

पहिल्या रविवारी पिशवी घेऊन काकूंकडे गेलो. ‘मला वाटलं, वाचनालय विसरलं मला,’ त्या म्हणाल्या. मी गप्प राहिलो. त्यांनी पुस्तक उघडले, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, ‘पुढच्या रविवारी दोन आणा.’