गोंद न लावता चिकटवलेलं पान

स्क्रॅपबुक म्हटलं की कात्री आणि गोंद आलेच. फोटोच्या कडा कापायच्या, पाठीवर गोंद फासायचा, पानावर दाबून बसवायचा. मार्क ट्वेनने १८७३ मध्ये तर आधीच डिंक लावलेल्या पानांच्या वहीचं अमेरिकेत पेटंट घेतलं. पान ओलसर केलं की कात्रण त्याला चिकटे. पुढे शंभरेक वर्षांनी आपल्याकडे चिकट पानांचे, वरून प्लास्टिकचा पापुद्रा असलेले अल्बम आले. ते आज उघडून पाहा. गोंद पिवळा पडलेला, आणि फोटो पानाला असा बसलेला की ओढला तर फाटणार. अशा फोटोखालून दात साफ करायचा दोरा हळूहळू पुढेमागे करत सरकवला, की बरेचदा तो सुटून येतो. नाहीच आला तर हट्ट करू नये, अख्खं पान तसंच स्कॅन करावं.

डिजिटल स्क्रॅपबुककडे मी वळले ती या नासाडीमुळे. संगणकावरच्या पानात मूळ वस्तूला धक्का लागत नाही. फोटो, पत्र, तिकीट स्कॅन होऊन पुन्हा आपापल्या जागी जातात आणि तेच पान सगळ्या भावंडांच्या घरी पोहोचतं. वाटणीचा प्रश्नच येत नाही. नव्यानं सुरुवात करणाऱ्याला माझं सांगणं एवढंच आहे, की इंटरनेटवरची तयार किट उतरवून घेण्याआधी घरातले डबे आणि ट्रंका उघडा. त्या किटमधले गुलाब, लेस, परदेशी टपालाचे शिक्के सुबक असतात, पण आपल्या माणसांच्या आयुष्याशी त्यांचा काही संबंध नसतो.

माझ्या आत्याचं एक पान घेऊन हे सांगते. १९७४ साली ती वाईहून पुण्याला कॉलेजात आली. त्या वेळच्या वस्तूंपैकी तिच्याकडे एक चौकोनी काळापांढरा फोटो, पुस्तकात खूण म्हणून राहिलेलं एसटीचं तिकीट, आजोबांचं एक पोस्टकार्ड आणि खणाच्या परकराचा तुकडा एवढं निघालं. एका पानाला हे भरपूर झालं. याहून जास्त घेतलं की गर्दी होते आणि नजर कुठेच ठरत नाही.

पान १२ बाय १२ इंचांचं घेतलं. हे माप कागदी स्क्रॅपबुकमधून आलेलं आहे, पण आपल्याकडे लग्नाच्या करिझ्मा अल्बमचं जोडपान बहुधा १२ बाय ३६ इंचांचं असतं, त्यामुळे १२ इंचांची उंची इथल्या फोटो लॅबना सवयीची आहे. छपाईसाठी इंचाला ३०० पिक्सेल धरले की पान ३६०० बाय ३६०० पिक्सेलचं होतं. सुरुवातीला एवढा एकच हिशेब पक्का करावा, कारण कुठला फोटो किती मोठा ठेवता येईल हे त्यावरूनच कळतं. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा पाठवलेला फोटो लांब बाजूला जेमतेम १६०० पिक्सेलचा उरतो, म्हणजे छापताना सव्वापाच इंच. नातेवाइकांकडून फोटो मागवताना ‘डॉक्युमेंट म्हणून पाठवा’ असं आवर्जून सांगावं. मग तो मूळ आकारात येतो.

आत्याचा फोटो बडोद्याला तयार होणाऱ्या आग्फा क्लिक-थ्री कॅमेऱ्याचा. त्यात १२० नंबरचा रोल बसे, बारा फोटो निघत, आणि निगेटिव्ह कागदाला थेट टेकवून केलेली प्रत जेमतेम ६ सेंटिमीटरची असे. तो ६०० डीपीआयला स्कॅन केल्यावर सुमारे १४०० पिक्सेल मिळाले, म्हणजे पानावर तो दुप्पट, १२ सेंटिमीटरचा ठेवता आला. फोटो काळापांढरा असला तरी स्कॅन रंगीत ठेवावा. कागदाला आलेली पिवळसर झाक हेही त्या फोटोचं वय आहे, ती पुसून पांढरंशुभ्र करायला मी तयार नसते.

फोटोत आत्या घरापुढे उभी आहे आणि मागे दाराचा काळा चौकोन. तो काढला तर रचना नेटकी झाली असती. आत्या शेजारीच बसली होती, तिला विचारलं, ‘दार ठेवू का?’

‘ठेव. आत आई आहे.’

मला काहीच दिसत नव्हतं. उजेड-काळोख बदलण्याच्या ‘लेव्हल्स’ या साधनात मधला काटा डावीकडे सरकवला, काळोख थोडा उजळला, आणि उंबऱ्याआत एका साडीचा फिकट काठ आणि कमरेवर ठेवलेला हात दिसू लागला. पुढे मी दाराभोवतीची भिंत तेवढी झाकली, तीही लेयर मास्क लावून. मास्कनं भाग नुसता झाकला जातो, पुसला जात नाही. उद्या कुणाला ती भिंत हवी असेल तर ती तिथेच आहे.

पानावरची प्रत्येक वस्तू स्वतःच्या थरात, म्हणजे लेयरमध्ये राहते. तळाशी खणाचं कापड, वर पोस्टकार्ड, त्यावर फोटो, सगळ्यात वर तिकीट. मी हे गिंप या प्रोग्रॅममध्ये करते. तो फुकट मिळतो आणि शिकायला पुरेसा आहे. खणाचा तुकडा इस्त्री करून थेट स्कॅनरच्या काचेवर पालथा ठेवला. कापड जाड असेल तर काठाच्या उठावाला स्कॅनरच्या दिव्यामुळे एका बाजूनं बारीक सावली पडते. ती कुठल्या बाजूला पडली हे बघून ठेवावं, पुढे उपयोगी पडतं.

तिकिटावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. कंडक्टर पत्र्याच्या पेटीतून फाडून, चिमट्यानं भोक पाडून द्यायचा तसलं ते पातळ तिकीट. त्याची पार्श्वभूमी काढून पीएनजी केलं, कारण जेपीईजीत पारदर्शकता राहतच नाही. एक कड सरळ, फाडलेली कड तंतूतंतूंची. ती सरळ कापून टाकली की तिकीट खोटं वाटतं, म्हणून पडदा मोठा करून तंतूंच्या कडेकडेनं गेले. मग चिमट्याची भोकंही पारदर्शक केली. तिकीट पानावर ठेवल्यावर त्या भोकांतून खालच्या फोटोचा राखाडी रंग दिसला, आणि ते तिकीट खरोखर तिथे ठेवल्यासारखं झालं.

बाकीचं काम सावलीचं. नवशिक्याच्या पानात सगळ्या वस्तूंना एकच जाड काळी सावली असते आणि सगळं हवेत तरंगतं. तिकीट कागदाला टेकलेलं आहे, त्याला चार-पाच पिक्सेलची पुसट रेघ पुरते. फोटोचा कागद जाड, त्याची सावली थोडी लांब. बटण किंवा मणी ठेवलात तर आणखी लांब. उजेड मात्र सगळ्यांवर एकाच दिशेनं यायला हवा. खणाच्या काठाची सावली स्कॅनरनं खालच्या बाजूला पाडली होती, म्हणून मी बाकीच्याही सावल्या खालीच टाकल्या. सावलीचा रंगही निव्वळ काळा घेऊ नये. खालच्या कापडाचाच गडद रंग घेऊन तो थर ‘मल्टिप्लाय’ केला, की सावलीतूनही विणकाम दिसत राहतं.

मजकूर हा पानाचा जीव आहे, आणि बहुतेक लोक तोच शेवटी घाईनं उरकतात. मराठी टाइप करणार असाल तर फॉन्ट निवडताना ‘महाराष्ट्र’, ‘सुट्ट्या’, ‘कुऱ्हाड’ हे शब्द लिहून पाहा. जोडाक्षरं तुटली की लगेच कळेल. जुन्या फोटोशॉपमध्ये भारतीय लिप्यांची मजकूर-व्यवस्था सेटिंगमध्ये मुद्दाम निवडावी लागते, नाहीतर वेलांट्या भलतीकडे जातात. मुंबईच्या एक टाइपचे मुक्त वापराचे फॉन्ट, उदाहरणार्थ मुक्त, नीट चालतात. तरी माझं मत हस्ताक्षराच्या बाजूनं आहे. आत्याला कोरा कागद आणि काळं पेन दिलं. तिनं लिहिलं, कोणत्या गाडीनं आली, कुणी सोडायला आलं होतं, डब्यात काय होतं. तो कागद स्कॅन करून मल्टिप्लाय केला की पांढरं नाहीसं होतं आणि अक्षरं पोस्टकार्डावरच्या रिकाम्या जागेत उतरतात. वर आजोबांचं अक्षर, खाली लेकीचं. दोघांचा ‘ळ’ सारखाच आहे.

पान जतन करताना दोन फाइली ठेवाव्या. सगळे थर शाबूत असलेली गिंपची एक्ससीएफ, आणि छपाईसाठी सपाट केलेली जेपीईजी. जेपीईजी पुन्हा पुन्हा उघडून बदलून साठवली की दर वेळी थोडी खराब होते, म्हणून दुरुस्ती नेहमी एक्ससीएफमध्येच करावी. मूळ स्कॅन वेगळ्या डिस्कवर, नावात साल, गाव आणि माणसं घालून. छापायला द्यायच्या आधी लॅपटॉपचा उजेड कमी करून बघावं. झगझगीत पडद्यावर ठीक दिसणारा काळोख कागदावर आणखी गडद येतो. आमच्या पानाच्या दारातला साडीचा काठ यासाठीच मला थोडा जास्त उजळावा लागला.

प्रती भावंडांच्या तिन्ही घरी गेल्यावर धाकट्या काकांचा आत्याला फोन आला. फोटो त्यांनी काढला होता, पहिल्याच रोलमधला, आणि पानावर ते कुठे लिहिलेलं नाही. आत्यानं लगेच कागद ओढून एक ओळ लिहून दिली. थर सगळे जागेवर होते, त्यामुळे ती फोटोखाली बसवायला फार वेळ लागला नाही. पान पुन्हा छापायला दिलंय.