पोटावरच्या पिशवीची धास्ती आणि इलिओस्टॉमीचे वास्तव

‘पोटावर पिशवी लावावी लागेल’ असे डॉक्टरांनी सांगताच अनेक रुग्णांना मूळ आजारापेक्षा त्या पिशवीचीच धास्ती वाटू लागते. काहीजण शस्त्रक्रियेला नकार देतात, काहीजण ती लांबणीवर टाकतात आणि दुखणे बळावते. प्रत्यक्षात पिशवीची सवय बहुतेकांना होते. इलिओस्टॉमीनंतर अधिक जपावे लागते ते शरीरातून निघून जाणाऱ्या पाण्याला आणि मिठाला. नेमकी हीच बाब अनेक कुटुंबांना ठाऊक नसते.

शस्त्रक्रियेत काय होते?

अन्नातील बहुतेक पोषक द्रव्ये सुमारे ६ मीटर लांबीच्या लहान आतड्यात शोषली जातात. उरलेल्या द्रवातील पाणी व क्षार शोषून मल घट्ट करण्याचे काम सुमारे दीड मीटर लांबीचे मोठे आतडे करते. हे आतडे काढावे लागले किंवा त्याला काही काळ विश्रांती द्यावी लागली, तर लहान आतड्याचा शेवटचा भाग, म्हणजे इलियम, पोटावरील छोट्या छिद्रातून बहुधा उजव्या बाजूस बाहेर आणला जातो. या नव्या तोंडाला ‘स्टोमा’ म्हणतात. त्यातून येणाऱ्या पातळ मलावर रुग्णाचे नियंत्रण राहत नाही, म्हणून त्वचेला चिकटणारी पिशवी लावावी लागते.

गुदाशयाच्या कर्करोगात आतड्याचा नवा सांधा भरून यावा यासाठी केलेली इलिओस्टॉमी बहुधा तात्पुरती असते. काही महिन्यांनी ती बंद करता येते. विषमज्वराने किंवा क्षयाने आतड्याला छिद्र पडल्यावरही असा मार्ग काढावा लागतो. अल्सरेटिव्ह कोलायटिससारख्या आजारात मोठे आतडे व गुदाशय काढून टाकल्यास ती कायमची असू शकते.

पूर्वी आतड्याचे तोंड त्वचेच्या पातळीवरच ठेवले जात असे. त्यामुळे पाचक रसांनी भोवतालची त्वचा सोलवटून निघे. ब्रिटिश शल्यविशारद ब्रायन ब्रुक यांनी १९५२ मध्ये, सदऱ्याची बाही उलटी दुमडावी तसे आतड्याचे टोक दुमडून किंचित वर ठेवण्याची पद्धत मांडली. आजही हीच पद्धत रूढ आहे.

पिशवीची निगा

निरोगी स्टोमा लालसर आणि ओलसर असतो. त्याला स्पर्शाची वेदना होत नाही. पुसताना रक्ताचा थेंब दिसला तर घाबरण्याचे कारण नाही. मात्र तो जांभळा किंवा काळा पडला तर तातडीने इस्पितळ गाठावे. पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करावी. ती साधारणपणे दोन ते चार दिवसांनी बदलतात. चकतीचे छिद्र स्टोमापेक्षा फार मोठे कापले तर उघड्या त्वचेला मल लागून आग होते.

पाणी आणि मीठ

घडी बसल्यावर स्टोमातून दिवसाला साधारण अर्धा ते एक लिटर द्रव जातो. हे प्रमाण दीड-दोन लिटरवर गेले, लघवी कमी व गडद झाली, जीभ कोरडी पडली, उभे राहताच चक्कर आली, तर शरीरातील पाणी घटले आहे असे समजावे. दुर्लक्ष झाल्यास मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. अशा वेळी नुसते पाणी पीत राहिल्याने स्टोमातून जाणारा द्रव आणखी वाढू शकतो, कारण पाणी शोषले जाण्यासाठी मीठ आणि साखर लागते. म्हणून जलसंजीवनी घेऊन डॉक्टरांना कळवावे. गोव्याच्या दमट उन्हाळ्यात घामानेही मीठ जात असल्याने अधिक सावध राहावे. मूत्रपिंडाचा, हृदयाचा किंवा रक्तदाबाचा विकार असलेल्यांनी मिठाचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

आहारात भात, मीठ घातलेली पेज आणि केळी यांनी मल घट्ट होण्यास मदत होते. खोबरे, काजू, अळंबी, मका असे तंतुमय पदार्थ पहिले काही आठवडे टाळावेत. पुढे ते थोडे थोडे, नीट चावून खावेत. पोटात कळा येऊन स्टोमातून काहीच बाहेर येईनासे झाले आणि उलट्या सुरू झाल्या, तर आतड्यात अडथळा असण्याची शक्यता असते. त्या वेळी घरगुती उपाय करत बसू नये आणि जुलाबाचे औषध तर मुळीच घेऊ नये. सावकाश विरघळणाऱ्या काही गोळ्या न शोषल्या जाताच बाहेर पडतात, म्हणून प्रत्येक डॉक्टरला स्टोमाविषयी सांगावे.

घरच्यांची भूमिका

आंघोळ, नोकरी, प्रवास, वैवाहिक जीवन यांपैकी काहीही सोडावे लागत नाही. जड वजन उचलणे मात्र सुरुवातीचे काही आठवडे टाळावे. चतुर्थीला देवघरात जावे की नाही, पंक्तीला बसावे की नाही, हे प्रश्न रुग्ण मोठ्याने विचारत नाही. मनातल्या मनात कुढतो. नीट बसवलेल्या पिशवीतून वास बाहेर येत नाही, आणि वैद्यकीयदृष्ट्या अशा कोणत्याही प्रसंगी त्याने दूर राहण्याचे कारण नाही. शक्य असेल तेथे स्टोमाची जागा शस्त्रक्रियेपूर्वीच रुग्णाला बसवून, उभे करून निश्चित करतात. त्याच वेळी घरातील एकाने तरी पिशवी बदलणे शिकून घेतले, तर घरी परतलेला रुग्ण एकटा पडत नाही.