सरकीची अंतराळवारी

दिग्रस तालुक्यातली कोरडवाहू कपाशी मुळांच्या जोरावर जगते. पावसाने दडी मारली की जिचं सोटमूळ खालच्या ओलीपर्यंत पोचलेलं असतं ती पऱ्हाटी तग धरते, बाकीच्या माना टाकतात. त्यामुळे आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर मुळांच्या अभ्यासासाठी सरकी उगवली होती हे कळल्यावर तिथे भाड्याने मिळणाऱ्या प्रयोगाच्या जागेचा कारभार समजून घ्यावासा वाटला.

हा व्यवसाय तसा जुना. 1984 साली मॅकडॉनल डग्लस कंपनीचा अभियंता चार्ल्स वॉकर औषध शुद्धीकरणाचं यंत्र घेऊन स्पेस शटलमधून गेला होता. पुढे नॅनोरॅक्ससारख्या कंपन्या स्थानकावर छोट्या पेट्यांपुरती जागा भाड्याने देऊ लागल्या. पेटीची रचना, सुरक्षा चाचण्या, यानातली जागा, अंतराळवीराचा वेळ हे सगळं कंपनी जमवते आणि संशोधकाच्या हाती निष्कर्ष येतात.

जून 2021 मध्ये गेलेल्या सरकीच्या प्रयोगाला पैसा दिला टार्गेट या अमेरिकन दुकानसाखळीने. प्रयोग होता विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या सायमन गिलरॉय यांचा.

मला गुंतवून ठेवलं ते मुळाच्या टोकाने. तिथल्या काही पेशींमध्ये पिठूळ कण असतात. ते जड असल्याने पेशीच्या तळाशी बसतात आणि त्यावरून मुळाला खालची बाजू कळते. रोप आडवं केलं तर कण नव्या तळाशी सरकतात, ऑक्सिन हे संप्रेरक खालच्या कडेला जमतं, तिथली वाढ मंदावते आणि मूळ खाली वळतं. चारशे किलोमीटर उंचीवर गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या जवळपास नव्वद टक्के असतं, पण स्थानक सतत पृथ्वीभोवती पडत असल्याने कणांना तळच उरत नाही. मग प्रकाश, ओल, स्पर्श यांचा मुळावर किती अंमल चालतो हे वेगळं काढून पाहता येतं. गिलरॉय यांनी साध्या कपाशीबरोबर ताण सोसणारं, एका जनुकाची क्रिया वाढवलेलं वाणही पाठवलं होतं. ताण सोसणाऱ्या मुळांचा हा प्रश्न थेट आपल्या काळ्या जमिनीचा आहे.

अडचणी मात्र मोठ्या आहेत. अंतराळात पाणी निथळत नाही, मुळांना चिकटून राहतं आणि त्यांची हवा कोंडते. नासाने खासगी ग्राहकांसाठी 2019 मध्ये अंतराळवीराच्या एका तासाचा दर 17,500 डॉलर ठेवला होता. 2021 मध्ये तो 1 लाख 30 हजार डॉलर झाला. स्थानक 2030 च्या सुमारास निवृत्त होणार आहे आणि भारताच्या स्वतःच्या स्थानकाचं उद्दिष्ट 2035 चं आहे. 2025 मध्ये भारतीय अंतराळवीर शुभांशू शुक्ला यांनी आंतरराष्ट्रीय स्थानकावर मेथी आणि मूग उगवले, तेही अ‍ॅक्सिअम या खासगी कंपनीच्या मोहिमेतून.

स्वस्त वाट इस्रोकडे आहे. पीएसएलव्ही रॉकेटच्या वापरून झालेल्या चौथ्या टप्प्यावर, म्हणजे 'पोएम'वर, जानेवारी 2025 मध्ये चवळी उगवली. मुंबईच्या अ‍ॅमिटी विद्यापीठाचा पालकाच्या पेशींचा प्रयोगही त्याच फेरीत होता. पण पोएम परत येत नाही, त्यामुळे मूळ हाती घेऊन, कापून तपासता येत नाही. दिसतं तेवढं कॅमेऱ्यातून. मुळाचं वळण नोंदवायला मात्र कॅमेरा पुरेसा आहे.

म्हणून नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था आणि अकोल्याचं कृषी विद्यापीठ यांना मनापासून विनंती आहे: पोएमच्या पुढच्या एखाद्या फेरीसाठी देशी कपाशीच्या सरकीचा प्रस्ताव इस्रोकडे पाठवा.