दुसऱ्या गळ्यातलं गाणं
(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

गाणं ऐकणाऱ्यांच्या दोन तऱ्हा असतात. एकाला आपल्या आवडीचं गाणं त्याच गळ्यात, त्याच ठेक्यावर, मधल्या बासरीच्या तुकड्यासह जसंच्या तसं हवं असतं. कुणी दुसऱ्यानं ते म्हटलं की त्याच्या कपाळावर आठी पडते. दुसरा मात्र आवडत्या गाण्याचा पत्ता विचारत हिंडतो. हे आणखी कोणी गायलंय का? कसं गायलंय? मी या दुसऱ्या तऱ्हेचा आहे. आमच्या ओळखीचे दहा-बारा लोक महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमतो. त्यात निवृत्त पोस्टमास्तर आहेत, शिलाईचं दुकान चालवणारे एक चाचा आहेत, कॉलेजात शिकवणाऱ्या एक बाई आहेत. प्रत्येकानं एक गाणं आणायचं, पण दोन गळ्यांतलं. आधी एक ऐकायचं, मग दुसरं. त्यानंतर चहा आणि भांडण.

भांडण ठरलेलं असतं. मास्तर म्हणतात, "पहिलं ते अस्सल. दुसरी ती नक्कल." ऐकायला हे पटतं. पण आपल्याकडच्या गाण्याचा इतिहास पाहिला तर ते फारसं टिकत नाही. आज त्याबद्दलच थोडं बोलायचं आहे.

'कव्हर' हा शब्द आपल्याकडे उशिरा आला. त्याआधी कॅसेटच्या जमान्यात आपण 'व्हर्जन' म्हणायचो. पण ही गोष्ट मात्र फार जुनी. ख्यालाची बंदिश घ्या. ती पहिल्यांदा कोणी गायली हे कोण विचारतं? गुरूकडून शिष्याकडे ती येते, प्रत्येक गळ्यात थोडी वेगळी होते आणि तरी तीच राहते. तिची 'मूळ प्रत' अशी कुठे ठेवलेलीच नसते. मूळ आणि नक्कल हा हिशेब सुरू झाला तो ध्वनिमुद्रिका आल्यावर. तबकडीवर एक आवाज कायमचा कोरला गेला आणि तोच आवाज म्हणजे ते गाणं, असं आपल्या कानांनी ठरवून टाकलं.

आणि गंमत अशी, की त्याच तबकडीमुळे गाणी दुसऱ्या गळ्यांत वेगानं पोहोचूही लागली. किराणा घराण्याचे खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांची झिंझोटीतली 'पिया बिन' ही ठुमरी घ्या. तिची तबकडी देशभर वाजली. गदगच्या बाजूला एका लहान मुलानं ती ऐकली, गाण्यानं तो झपाटला आणि १९३३ साली गुरूच्या शोधात घरातून निघून गेला. हा मुलगा म्हणजे भीमसेन जोशी. पुढे ते खाँसाहेबांचेच शिष्य सवाई गंधर्व यांच्याकडे शिकले. इकडे १९३५ साली कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सच्या 'देवदास'मध्ये कुंदनलाल सैगल यांनी तीच ठुमरी गायली. खाँसाहेबांचा सूर लांब, तलम, एकेका शब्दावर रेंगाळणारा. सैगल ती बोलता बोलता गुणगुणल्यासारखी म्हणतात. खाँसाहेबांकडे विरहाची आळवणी आहे, सैगलकडे खोलीत एकटा बसलेला माणूस आहे. पुढे भीमसेनजींनीही ती मैफलीत गायली, तेव्हा तिला त्यांच्या भरदार छातीचा दम मिळाला. आता या तिघांत नक्कल कुणाची म्हणायची?

खाँसाहेब जन्मानं उत्तरेचे, कैरान्याचे. पण राहिले मिरजेत आणि रमले मराठीत. पुण्यात त्यांनी आर्य संगीत विद्यालय काढलं. 'संगीत मानापमान' हे खाडिलकरांचं नाटक १९११ सालचं, संगीत गोविंदराव टेंबे यांचं. त्यातलं 'चंद्रिका ही जणू' आणि 'प्रेमसेवा शरण' ही पदं खाँसाहेबांनी ध्वनिमुद्रित केली. रंगमंचावर या पदांना प्रसंग असतो, पात्र असतं. खाँसाहेबांच्या तबकडीत हे काहीच नाही. उरतो तो सूर आणि मराठी शब्दांचा नाद. ज्यानं 'मानापमान' पाहिलं नाही, त्यालाही ती पदं पुरतात. १९३७ साली प्रवासात खाँसाहेब गेले. मिरजेच्या ख्वाजा शमना मीरा यांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांना दफन केलं. तिथल्या उरुसात दरवर्षी गवई हजेरी लावतात. कैरान्याचा उस्ताद, मराठी नाटकाचं पद आणि दर्ग्यातली मैफल. मराठीत लिहिणारा मुसलमान म्हणून मला जेव्हा कुणी विचारतं, की तुम्ही मराठीत कसे, तेव्हा मी उत्तर देत बसत नाही. ती तबकडी लावतो.

एकच पद दोन गळ्यांत कसं पालटतं, हा विषय घेऊन मराठीत एक अख्खं नाटकच उभं राहिलं. १९६७ सालचं 'कट्यार काळजात घुसली'. त्यातलं 'घेई छंद मकरंद' हे पद दोन चालींत आहे. शब्द पुरुषोत्तम दारव्हेकरांचे, दोन्ही चाली पंडित जितेंद्र अभिषेकी यांच्या. एक धानी रागातली, प्रसाद सावकारांच्या आवाजातली. दुसरी सालगवराळीतली, खाँसाहेबांच्या भूमिकेतल्या वसंतराव देशपांड्यांची. एकीत भुंगा फुलाभोवती अलगद फिरतो, दुसरीत तो झडप घालतो. अक्षर न् अक्षर तेच, पण शब्दांचा स्वभाव बदलला. २०१५ साली सिनेमा आला, तेव्हा शंकर महादेवन आणि वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे यांच्या आवाजात हे पद नव्या पिढीच्या कानावर गेलं. आमच्या घरातल्या पोरांनी आधी सिनेमातलं ऐकलं आणि मग आजोबांचं शोधलं. दुसऱ्या गळ्यानं पहिल्या गळ्याकडे जाणारी वाट दाखवली.

एकदा आमच्या बैठकीत मी 'गीतरामायणा'चा विषय काढला. मास्तरांचं हे दैवत. १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून ते सुरू झालं. गदिमांची छप्पन्न गीतं, दर आठवड्याला एक नवं. सगळ्या चाली सुधीर फडके यांच्या. पण रेडिओवर ती सगळी बाबूजींनी गायली नव्हती. माणिक वर्मा होत्या, वसंतराव देशपांडे होते, ललिता फडके होत्या, आणखीही कितीतरी होते. पुढे बाबूजींनी ती सगळी स्वतः गायली आणि जाहीर कार्यक्रमांतून, ध्वनिमुद्रिकांतून तीच घराघरांत पोहोचली. सीतेचा शोक आणि कौसल्येचं वात्सल्यही एका पुरुषाच्या आवाजात, आणि तरी कुणाला ते खटकलं नाही. म्हणजे मास्तर ज्याला अस्सल मानत होते, त्यातला मोठा भाग दुसऱ्या गळ्यातला होता. मास्तर थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "बाबूजींची गोष्ट वेगळी." अर्थात वेगळी, चाल त्यांचीच होती. पण या चाली पुढे हिंदी, गुजराती, कन्नड, तेलुगू, कोंकणी, संस्कृत अशा भाषांतही गेल्या. तिथे तर गळाही परका आणि शब्दही परके. तरी गीतरामायण ओळखू येतंच.

चाचांनी एकदा आणलं 'आज जाने की ज़िद न करो'. हे म्हटलं की फरीदा खानुम आठवतात. पण ते गाणं मुळात १९७३ सालच्या 'बादल और बिजली' या पाकिस्तानी चित्रपटातलं. कवी फैयाज हाशमी, संगीत सोहेल राना, गायक हबीब वली मोहम्मद. तलत महमूद यांच्या 'तसवीर तेरी दिल मेरा' या जुन्या गीताचे कवीही हेच फैयाज हाशमी. हबीब वली मोहम्मद यांचं गाणं हलकं, चित्रपटातलं, पुरुषानं प्रेयसीला केलेलं आर्जव. फरीदा खानुम यांनी ते उचललं आणि लय खाली आणली. त्या दोन शब्दांमध्ये थांबतात, आणि त्या थांबण्यात रात्र किती उरलीय ते कळतं. कवी म्हणून मला यात एक बारकावा दिसतो. या गीतात बोलणारा माणूस स्वतःला 'हम' म्हणतो. उर्दूत हा 'हम' पुरुषालाही चालतो आणि स्त्रीलाही. एक अक्षरही न बदलता गाणं पुरुषाच्या ओठांवरून स्त्रीच्या ओठांवर गेलं. कवीनं दार उघडं ठेवलं होतं, गायिका त्यातून आत आली.

चांगलं 'कव्हर' ओळखायचं कसं, असं मला कुणी विचारलं तर मी हेच गाणं सांगतो. ज्यानं पहिल्या गायकाला ऐकून गायलं, त्याच्याकडे त्याच जागा, तेच श्वास, तीच मुरकी सापडते. ज्यानं कवीला नव्यानं वाचून गायलं, तो वेगळ्या ठिकाणी थांबतो. म्हणून दुसरा गळा ऐकताना मी आवाज किती गोड हे पाहत नाही, तो कुठे थांबतो हे पाहतो.

आता थोडं कडू. गाणं दुसऱ्या गळ्यात जातं तेव्हा वाटेत सर्वांत आधी गळून पडतं ते कवीचं नाव. पहिल्या तबकडीवर ते बारीक अक्षरांत तरी असतं. पुढे 'अमक्याची गझल' म्हणजे गायकाची गझल होते. 'रंजिश ही सही' ही अहमद फराज यांची गझल मेहदी हसन यांनी अजरामर केली. पण ते शेवटी जे दोन शेर गातात ते फराज यांचे नाहीत, तालिब बागपती यांचे आहेत. पुढे ज्यांनी ज्यांनी मेहदी हसन यांच्यामागून ती गायली, त्यांच्यातल्या अनेकांनी ते शेरही घेतले. आज लाखो लोक ते फराजचे म्हणून ऐकतात. बागपतींचे शेर जिवंत आहेत, बागपती नाहीत. माझ्यासारख्या लहान कवीलाही याचा एक चटका बसलेला आहे. एका समारंभात माझी कविता एका तरुण गायकानं फार सुंदर म्हटली. निवेदकानं गायकाचं नाव घेतलं, चाल लावणाऱ्याचं घेतलं, तबलजीचंही घेतलं. मी चौथ्या रांगेत होतो. शेजारचे गृहस्थ मला म्हणाले, "शब्द चांगलेत, पारंपरिक असावेत."

कायद्यानं या बाबतीत बरंच केलं आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात ध्वनिमुद्रण झाल्यावर दोन वर्षांनी, सूचना देऊन आणि मानधन भरून, दुसऱ्याला तेच गाणं नव्यानं ध्वनिमुद्रित करण्याची सोय होती. १९८० नंतरच्या कॅसेटच्या लाटेत याच वाटेनं जुन्या गाण्यांच्या स्वस्त व्हर्जन कॅसेट चहाच्या टपरीपर्यंत पोहोचल्या. कित्येक नवे गळे त्यातून पुढे आले. सोनू निगम यांनी सुरुवातीच्या काळात रफीसाहेबांची गाणी अशीच गायली. मग रीमिक्स आलं. १९७२ च्या 'समाधी'तलं लताबाईंचं 'कांटा लगा' २००२ साली नव्या ठेक्यावर आलं आणि गाजलं, पण ते मजरूह सुलतानपुरींचं गीत आहे हे नाचणाऱ्यांपैकी कितींना ठाऊक होतं? २०१२ साली कायदा बदलला. आता कव्हरसाठी मूळ ध्वनिमुद्रणाचं वर्ष संपल्यावर पाच वर्षं थांबावं लागतं, दर वर्षी किमान ५०,००० प्रतींचं मानधन भरावं लागतं, वेष्टनावर हे कव्हर आहे असं स्पष्ट लिहावं लागतं आणि पहिल्या कलावंताचं नाव किंवा चित्र वापरता येत नाही. याच दुरुस्तीनं गीतकार-संगीतकारांचा मानधनातला वाटाही पक्का केला. वारसांना किंवा कॉपीराइट संस्थेला सोडून तो कुणाला लिहून देता येत नाही. हे फार मोठं काम झालं. पण कायदा पैसे मिळवून देईल. मैफलीत, घरात, मित्रांत कवीचं नाव घेणं हे ऐकणाऱ्याचंच काम आहे.

म्हणून आमच्या बैठकीत आता एक नियम आहे. गाणं लावण्याआधी कवीचं नाव सांगायचं, मग संगीतकाराचं, मग पहिल्या गायकाचं आणि शेवटी ज्याचं ऐकणार त्याचं. सुरुवातीला लोक कंटाळले. नावं शोधायची म्हणजे जुन्या तबकड्यांची वेष्टनं, पुस्तकं, जाणकार माणसं गाठावी लागतात. पण त्यातून काय काय हाती लागलं! एका गाण्यामागे एक कवी सापडतो, त्या कवीची आणखी चार गाणी सापडतात, मग त्यांचे आणखी गळे. कॉलेजातल्या बाईंनी तर यासाठी एक वही केली आहे. तिच्यात डावीकडे पहिला गळा, उजवीकडे दुसरा आणि दोन्हींच्या वर, मोठ्या अक्षरांत, कवी.

मास्तरांचं मत काही बदललेलं नाही. पहिलं ते पहिलं, असं ते अजूनही म्हणतात आणि त्यांचा तो हक्क आहे. पहिल्या आवाजाशी आपलं वय, आपलं घर, आपली माणसं जोडलेली असतात. ते सोडून द्या असं कोण म्हणेल? पण मागच्या बैठकीला 'घेई छंद मकरंद'च्या दोन्ही चाली वहीत लिहायच्या राहिल्या होत्या, तेव्हा बाईंच्या हातून वही घेऊन, चष्मा वर करून, त्यांनीच वरती लिहिलं : पुरुषोत्तम दारव्हेकर.

तुम्हीही करून पाहा. तुमच्या आवडीचं एक गाणं घ्या, त्याचा दुसरा गळा शोधा, चार माणसांना बोलवा आणि दोन्ही ऐकवा. भांडण होईलच, ते होऊ द्या. फक्त बटण दाबण्याआधी, ज्यानं ते शब्द लिहिले त्याचं नाव मोठ्यानं घ्या.