‘ट्रॅक्शन कंट्रोल’चा दिवा विझतच नाही? एबीएस मॉड्युल बदलण्याआधी हे वाचा

गेल्या जुलैमधली गोष्ट. पुढच्या डाव्या चाकातून घुंईऽऽ असा आवाज येत होता, म्हणून एका गॅरेजमध्ये बेअरिंग बदलून घेतलं. तिथून निघाल्यावर पहिल्या किलोमीटरमध्येच डॅशबोर्डवर दोन पिवळे दिवे लागले. एक एबीएसचा, दुसरा घसरणाऱ्या गाडीचं चित्र असलेला. फोन केला तर उत्तर आलं, ‘‘तो इलेक्ट्रिकलचा प्रॉब्लेम असेल, आपल्या कामाशी संबंध नाही.’’ मीही विश्वास ठेवला आणि दुसऱ्या दिवशी आई-बाबांना घेऊन ताम्हिणी घाटातून कोकणात निघालो. भर पावसात एका उतारावर ब्रेक दाबला आणि चाकं जागीच जाम झाली. स्टेअरिंग वळवूनही गाडी सरळच सरकत राहिली. कठड्याच्या बरीच अलीकडे थांबलो, पण त्यानंतर गाडीत कोणी बोललं नाही.

परत आल्यावर सर्व्हिस सेंटरने स्कॅनर लावला आणि एबीएस मॉड्युल बदलण्याचं ४६ हजार रुपयांचं एस्टिमेट हातात दिलं. प्रत्यक्षात गाडी दुरुस्त झाली ती ३,१०० रुपयांत.

दिवा लुकलुकतोय की सतत पेटलाय?

आधी हा फरक पाहा. ओल्या रस्त्यावर किंवा चिखलात दिवा काही क्षण लुकलुकला तर बिघाड नाही, यंत्रणा काम करतेय. दिव्याखाली ‘ऑफ’ लिहिलेलं असेल, तर बहुतेक वेळा कोणाच्या तरी हातून बटण दाबलं गेलेलं असतं. गाडी बंद करून पुन्हा सुरू केल्यावरही दिवा कायम राहिला, तर मात्र यंत्रणेने स्वतःला बंद करून घेतलंय असं समजा. साधे ब्रेक तेव्हाही लागतात. मात्र सोबत एबीएसचाही दिवा असेल, तर जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ शकतात. आणि त्यात ब्रेकचा लाल दिवाही पेटला, तर गाडी बाजूला घ्या, ब्रेक ऑइलची पातळी बघा आणि टो करून न्या.

यंत्रणा चालते कशी?

चारही चाकांजवळ वेग मोजणारा एकेक सेन्सर असतो. इंजिनाची ताकद मिळणारं एखादं चाक इतरांपेक्षा जास्त वेगाने फिरू लागलं, म्हणजे ते घसरतंय, असं कंट्रोल युनिट ओळखतं. मग ते त्या चाकाला ब्रेक लावतं, इंजिनाची ताकद कमी करतं किंवा दोन्ही करतं. यासाठी वेगळे सेन्सर लागत नाहीत, एबीएसचेच वापरले जातात. बॉशने १९७८ मध्ये मर्सिडीझच्या एस-क्लासमधून आधुनिक एबीएस बाजारात आणलं. ट्रॅक्शन कंट्रोल त्याच पायावर उभं राहिलं. त्यामुळे एका चाकाचा सिग्नल गेला की दोन्ही दिवे एकदम लागतात.

मग बिघाड शोधायचा कसा?

मी इंजिनीअरिंग केलंय, पण हे वर्कशॉपमध्येच शिकलो : स्कॅनरचा कोड खराब भाग सांगत नाही, कुठे शोधायचं ते सांगतो. माझ्या गाडीत कोड होता सी००३५, म्हणजे पुढच्या डाव्या चाकाच्या सेन्सरचं सर्किट. मॉड्युलचा उल्लेखही नव्हता! सेन्सर, त्याची वायर, कनेक्टर आणि सेन्सरसमोर फिरणारी रिंग, यांपैकी कशातही दोष असू शकतो. (ऑनलाइन मिळणारे स्वस्त ब्लूटूथ स्कॅनर बहुतेकदा फक्त इंजिनचे कोड वाचतात. ‘सी’ने सुरू होणारे कोड वाचणारा स्कॅनर आहे का, हे गॅरेजमध्ये आधीच विचारा.)

पुढची पायरी म्हणजे लाइव्ह डेटा. आमच्या भागातल्या एका जुन्या मिस्त्रींनी गाडी ताशी २० किलोमीटर वेगाने चालवायला लावली आणि स्वतः स्क्रीन बघत बसले. तीन चाकं २० दाखवत होती, डावं पुढचं शून्य. त्यांनी सेन्सर काढून पुसला, वायर हाताने चाचपत वरपर्यंत तपासली. पावसाळ्यात उंदीर बॉनेटमध्ये शिरून वायरी कुरतडतात, तेही पाहिलं. सगळं ठीक होतं. मग त्यांनी विचारलं, ‘‘इतक्यात चाकाचं काही काम केलंय का?’’

हाच प्रश्न सर्वात आधी विचारायला हवा होता. अनेक नव्या गाड्यांमध्ये वेगळी दातेरी रिंग नसते. बेअरिंगच्या एका बाजूच्या सीलमध्येच चुंबकीय पट्टी असते आणि ती बाजू सेन्सरकडेच यावी लागते. दिसायला दोन्ही बाजू जवळपास सारख्या. उलटं बसवलं तरी चाक मजेत फिरतं, आवाजही जातो, फक्त सेन्सरला काही ‘दिसत’ नाही. बसवण्याआधी कागदाची टाचणी सीलला लावून बघायची, चुंबकीय बाजूला ती हलकी चिकटते. माझं बेअरिंग उलटं होतं. प्रेसने काढताना ते निकामी झालं, म्हणून नवं घ्यावं लागलं.

सेन्सर तपासताना आणखी एक काळजी. जुन्या प्रकारच्या दोन वायरच्या सेन्सरचा रेझिस्टन्स मल्टिमीटरने मोजता येतो, साधारण एक-दोन हजार ओहमच्या आसपास. नव्या ‘अॅक्टिव्ह’ सेन्सरलाही दोनच वायर असतात, पण त्यांवर हा प्रयोग करू नका. सेन्सर बिघडू शकतो आणि आकडाही निरर्थक येतो.

सेन्सर ठीक निघाले तर? एकाच टायरचा साइज वेगळा आहे का, हवा फारच कमी आहे का, बॅटरी उतरलीय का, ब्रेक लाइटचा स्विच चालतो का, हे बघा. चेक इंजिनचा दिवाही सोबत असेल, तर आधी इंजिन दुरुस्त करा, कारण इंजिनात दोष दिसला की अनेक गाड्या ट्रॅक्शन कंट्रोल आपोआप बंद करतात. ईएसपी असलेल्या गाडीत अलाइनमेंटनंतर दिवा लागला, तर स्टेअरिंग अँगल सेन्सर पुन्हा शून्यावर आणावा लागतो. मॉड्युलची पाळी या सगळ्यानंतर. ते खरंच गेलं असेल, तरी काही गाड्यांची मॉड्युल दुरुस्त होतात, ती चौकशी करूनच नव्याचा खर्च करा.

काम झाल्यावर कोड पुसून गाडी थोडी चालवून बघा. काही गाड्यांत चाकांचा वेग तपासल्यानंतरच दिवा विझतो. पैसे देण्याआधी चारही चाकांचा वेग स्क्रीनवर सारखा दिसतोय, हे स्वतः पाहा आणि काढलेला जुना भाग मागून घ्या.