गाडीच्या आसनाचा दुमडता हात : त्याची खडखड व त्याचें आयुष्य

दिनांक १ जून १९४८ रोजीं पुणें ते अहमदनगर या मार्गावर राज्य परिवहनाची पहिली मोटार धांवली. त्या गाडीचा सांगाडा लांकडी होता व आसनांत काथ्या भरलेला होता. आज त्याच नगराहून, म्हणजे आतांच्या अहिल्यानगराहून, पाथर्डीकडे जाणारा रस्ता आमच्या तिसगावांतून जातो, व त्यावरून मऊ आसनांच्या आराम गाड्या जातां-येतां दिसतात. त्यांतील बऱ्याच आसनांस वाटेच्या बाजूस एक दुमडता हात असतो. तो वर उचलला कीं आंत शिरण्यास वाट होते. खालीं पाडला कीं कोपरास टेकण मिळतें. मोठ्या ट्रॅक्टरांच्या चालकासनासहि असे हात आढळतात. सबब हा विषय शेतकरी वाचकांस परका नाहीं.

गेल्या वर्षीं मढीच्या यात्रेच्या दिवसांत मी एका खाजगी गाडीनें नगराहून गांवीं येत होतों. पुढील आसनाचा हात सारी वाट खडखडत होता व आम्ही सर्व त्या आवाजास त्रासलों होतों. तिसगाव आल्यावर तेथें बसलेले एक वृद्ध शेतकरी हातावर भार देऊन उठूं लागले, तोंच हात मुळाशीं मोडला. ते वाटेंत पडले व त्यांचें मनगट मोडलें. महसूल कचेरींत जन्म गेल्यामुळें पंचनाम्याची संवय मला आहे. मी मोडलेला तुकडा निरखून पाहिला. खिळ एका अंगानें झिजली होती, तिचें भोंक लांबट झालें होतें, आणि मोडलेल्या जागेचा अर्धा भाग गंजलेला व अर्धा चकचकीत होता. गंजलेला भाग जुन्या चिरेचा व चकचकीत भाग त्या दिवसाचा, हें उघड होतें. म्हणजे हात त्या दिवशीं मोडला नव्हता. तो कित्येक महिने मोडत होता व तसें सांगतहि होता. पुढें गांवांतील एका लेथ कारागिराबरोबर बसून मीं हा विषय समजून घेतला, तो येथें मांडतों.

हातास एका टोंकाशींच आधार असतो. खिळेभोंवतीं तो फिरतो व खालीं आल्यावर एका अडणीवर टेकतो. समजा, हाताची लांबी खिळेपासून ३० सेंटिमीटर आहे व अडणी खिळेपासून ३ सेंटिमीटरवर आहे. मनुष्यानें टोंकावर ४० किलोचा भार दिला, तर तरफेच्या नियमानें अडणीवर ४०० किलोचा दाब पडतो व खिळेस ३६० किलोचा उलट ओढा बसतो. तीच अडणी ६ सेंटिमीटरवर नेली, तर तिच्यावरील दाब २०० किलोंवर येतो. यावरून हात टिकण्यास जाड लोखंडापेक्षां अडणीची योग्य जागा अधिक उपयोगी पडते.

आतां खडखडीकडे वळूं. अडणीपाशीं अर्ध्या मिलिमीटरची ढिलाई झाली, तर वरील मापानें टोंकाशीं ती ५ मिलिमीटर होते. प्रत्येक खड्ड्यागणिक हात तेवढा उचलला जाऊन आपटतो. मुळांत, भार उंचावरून न पडतां नुसता एकदम सोडला, तरी सावकाश ठेवलेल्या भाराच्या सुमारें दुप्पट ताण उत्पन्न होतो. येथें तर हातोडीचाच घाव बसतो. घावानें भोंक रुंदावतें, रुंदावल्यानें घाव वाढतो, आणि शेवटीं वेल्डिंगच्या कडेस चीर पडते. सारांश, आवाज व मोड यांचें मूळ एकच, तें म्हणजे सांध्यांतील ढिलाई. आवाज बंद करण्याचा खरा उपाय केला, तर आयुष्यहि आपोआप वाढतें.

करकर मात्र निराळी. दोन कोरडे पृष्ठभाग क्षणभर चिकटतात, मग एकदम सुटतात, पुन्हां चिकटतात. त्या थरथरीचा तो आवाज होय. यावर पुष्कळजण तेल सोडतात. परंतु आमच्या रस्त्यांवरील धूळ तेलांत मिसळली कीं तिचा लगदा कानशीसारखा खिळ खातो. शिवाय खनिज तेलानें साधें रबर फुगून खराब होतें.

बैलगाडी वापरलेल्यांस उपाय नवा वाटणार नाहीं. चाकाच्या तुंब्यांत लोखंडी कडें बसवितात. झीज झाल्यास कडें बदलतां येतें व चाक वांचतें. तसेंच येथें करावें. खिळ व भोंक यांच्यामध्यें नायलॉनचा बुश घालावा. तो तेलावांचून चालतो, करकर करीत नाहीं व झिजल्यास अल्प खर्चांत बदलतां येतो. दोन्ही बाजूंस वॉशर देऊन एका बाजूस शंकूच्या आकाराचा स्प्रिंग वॉशर घालावा. तो सांधा सदैव दाबून धरतो, म्हणून थोडी झीज झाली तरी ढिलाई येत नाहीं, व हात धाडकन् न पडतां सावकाश उतरतो. नट हादऱ्यानें सुटणार नाहीं असा, नायलॉनचें कडें असलेला, वापरावा. अडणी खिळेपासून शक्य तितकी दूर असावी व तीवर टणक रबराची गादी असावी. हाताचें मूळ रुंद ठेवावें. तेथें काटकोनी खांच ठेवूं नये, कारण चीर अशा कोपऱ्यांतच जन्मते.

पुण्यास १९६६ सालीं स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया व नगरजवळील संरक्षण खात्याची वाहन संशोधन व विकास संस्था येथें वाहनांची परीक्षा होते. प्रयोगशाळेंत असा भाग यंत्रानें हजारों वेळां उघडमीट करून व हादरवून पाहतां येतो. आपल्यापाशीं तीं यंत्रें नाहींत. पण तीन गोष्टी कोणासहि पाहतां येतील. हाताचें टोंक धरून वर-खालीं हलवावें. ५ मिलिमीटरांहून अधिक हालल्यास बुश बदलावा. हात अर्ध्यावर सोडावा. तो आदळल्यास नट कसावा. मुळाशीं रंग तडकला असेल अगर गंजाची रेघ दिसेल, तर त्यावर भार देऊं नये व चालकास तत्काळ दाखवावें.

ज्या वृद्धांचा हात मोडला, त्यांस ऐन कापणींत दोन महिने विळा धरतां आला नाहीं. बुश व वॉशर यांचा खर्च त्यांच्या एका दिवसाच्या मजुरीइतकाहि झाला नसता. म्हणून ट्रॅक्टर घेतांना अगर गाडींत बसतांना आसनाचा हात खडखडत असेल, तर कानावर हात न ठेवतां प्रथम त्याचा सांधा पाहावा.